काळाची फाइल

वाद्यवृंदात वाजवणाऱ्या माणसासमोर पूर्ण संगीत कधीच नसतं. व्हायोलाच्या स्टँडवर फक्त व्हायोलाची ओळ, चेलोच्या स्टँडवर फक्त चेलोची. सगळ्या ओळी एकाखाली एक दिसतात त्या कंडक्टरच्या स्कोअरमध्ये. पण या सुट्या कागदांवर काही गोष्टी मात्र तंतोतंत एकच असाव्या लागतात. तीनाचा बार कुठे संपतो आणि चाराचा कुठे सुरू होतो, लय कुठे उतरते, तालमीत थांबलं की जिथून पुन्हा धरायचं ती ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अक्षरं कुठे पडतात, शेवटची जाड रेघ कुठे येते. यातलं काहीच व्हायोलाचं नाही आणि चेलोचंही नाही, ते सगळ्यांचं मिळून आहे. वसईतल्या एका हौशी वाद्यवृंदाला आणि गायनवृंदाला मी हे कागद तयार करून देते. या कामात स्वर टाइप करायला वेळ लागतोच, पण डोकं सर्वांत जास्त खर्ची पडतं ते या सामाईक गोष्टी ठेवायच्या कुठे, या प्रश्नावर.

मी लिलीपाँड वापरते. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच मित्रांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. जुन्या काळी धातूच्या पत्र्यावर हाताने कोरून छापलेली संगीताची पानं जशी भरीव आणि डोळ्यांना सोपी असत, तसं पान संगणकाने काढावं ही त्यांची ओढ होती. यात माउसने पाच रेघांवर स्वर टेकवत बसायचं नसतं. साध्या मजकुराच्या फाइलीत टाइप करायचं: ‘सी’ला चिकटून ४ लिहिला की पाव कालावधीचा सी, ‘आर’ म्हणजे विश्रांती, उभी रेघ म्हणजे ‘इथे बार भरला पाहिजे, भरला नसेल तर मला सांग’. ही फाइल दिली की कुठला स्वर किती अंतरावर, दांडी वर की खाली, ओळ कुठे मोडायची, हे सगळं ते ठरवतं आणि पीडीएफ काढून देतं. सगळा मामला मजकुराचा असल्यामुळे कुठल्याही तुकड्याला नाव देऊन बाजूला ठेवता येतं आणि हवा तिथे तो नावाने बोलावता येतो. माझ्या सगळ्या कामाचा पाया या एका सोयीवर आहे.

ही सोय किती मोलाची आहे ते मला कोरेल्लीमुळे कळलं. आर्कांजेलो कोरेल्लीचा ‘ख्रिसमस कन्चेर्टो’ म्हणून ओळखला जाणारा जी मायनरमधला कन्चेर्टो, ओपस ६ मधला आठवा. त्यावर नाताळच्या रात्रीसाठी रचला अशी नोंद आहे, आणि नाताळच्या सुमारास जगभरचे छोटे वाद्यवृंद तो काढतात. आम्हीही काढला. दोन व्हायोलिन आणि एक चेलो हा पुढचा छोटा गट, बाकी तंतुवाद्यांचा मोठा गट त्यांच्या पाठीशी, खाली बासची ओळ. हौशी मंडळींच्या हाताला झेपेल असा, आणि ऐकणाऱ्याला पहिल्या सुरापासून धरून ठेवणारा. त्याच्या लिलीपाँडच्या फाइली आम्हाला आयत्या मिळाल्या होत्या, दुसऱ्या एका वृंदासाठी कुणी तरी पूर्वी केलेल्या. स्कोअर छापून पाहिला, निर्दोष होता. प्रत्येक वाद्याचे पार्ट, म्हणजे ते सुटे कागद, छापले आणि वाटले.

तिसऱ्या भागाला आम्ही अडकलो. हा भाग आधी अदाज्यो म्हणजे संथ, मग एकदम अल्लेग्रो म्हणजे जलद, मग पुन्हा अदाज्यो असा आहे. बार चाराचाच राहतो, त्यामुळे कागदावर बदलाची खूण एकच, वर लिहिलेला तो शब्द. व्हायोलाच्या पार्टवर तो शब्दच नव्हता. व्हायोला वाजवणाऱ्या काकांनी शांतपणे अदाज्योच चालू ठेवला आणि बाकीचे सुटले. ते निस्तरलं तर पुढे आणखी विचित्र प्रकार. आमचे कंडक्टर सर म्हणाले, “‘डी’पासून.” सगळ्यांनी ‘डी’पासून धरलं, व्हायोलाने भलतीकडूनच. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. काकांच्या कागदावर ‘डी’ होता आणि ते बरोबर ‘डी’पासूनच वाजवत होते. त्यांचा ‘डी’ बाकीच्यांच्या ‘ई’वर होता.

घरी येऊन फाइली उघडल्या तेव्हा उलगडा झाला, आणि तो उलगडा मला आजही फार महत्त्वाचा वाटतो. त्या फाइलींत प्रत्येक वाद्याच्या ओळीतच टेम्पोचे शब्द, तालाच्या खुणा आणि तालमीची अक्षरं स्वरांच्या मध्ये मध्ये टाइप केलेली होती. व्हायोलाच्या ओळीत एक अक्षर टाकायचं राहून गेलं होतं आणि ‘अल्लेग्रो’ही. अक्षर टाकताना बहुतेक जण ‘पुढचं अक्षर’ एवढीच आज्ञा देतात, ‘ए’ की ‘बी’ ते सॉफ्टवेअर मोजून ठरवतं. एक राहिलं की त्यापुढची सगळी एकेक घर मागे सरकतात. बाकीच्यांचा ‘डी’ काकांच्या कागदावर ‘सी’ झाला होता.

पण मग स्कोअर निर्दोष कसा दिसला? इथेच खरी मेख आहे. लिलीपाँडच्या आत पायऱ्या आहेत. सर्वांत खाली एकेक स्वरओळ, तिच्यावर स्टाफ म्हणजे पाच रेघांची पट्टी, आणि सर्वांवर स्कोअर. बार मोजण्याचं घड्याळ, टेम्पोचे शब्द आणि तालमीची अक्षरं ही तिथे स्कोअरच्या पायरीवर राहतात. कुठल्याही एका वाद्याच्या ओळीत ‘अल्लेग्रो’ लिहिलं की तो शब्द वर जातो आणि स्कोअरच्या माथ्यावर एकदाच छापला जातो. सात ओळींपैकी सहा ओळींनी सांगितलं आणि सातवी गप्प राहिली तरी पानावर फरक दिसत नाही. तालाच्या खुणेचंही तेच: एका पट्टीने ताल बदलला की घड्याळ सगळ्यांचंच बदलतं आणि प्रत्येक पट्टीवर नवी खूण उमटते. सगळे एकत्र असताना एकाची उणीव बाकीचे भरून काढतात. तीच ओळ एकटी छापली की ती जेवढं स्वतः म्हणते तेवढंच कागदावर येतं. म्हणून स्कोअर कितीही बारकाईने तपासला तरी पार्टमधली ही चूक त्यात सापडणार नाही. ती तपासणाऱ्याची हयगय नसते, चूक तिथे नसतेच.

लिलीपाँडने घड्याळ स्कोअरच्या पायरीवर ठेवलं हे मला अत्यंत योग्य वाटतं. संगीतात काळ खरोखरच तिथे असतो. चुकीचं काय होतं, तर जी गोष्ट वरच्या पायरीची आहे ती खालच्या प्रत्येक पायरीवर पुन्हा पुन्हा लिहिणं.

आणि हे काही संगणकामुळे उपजलेलं दुखणं नाही. कोरेल्ली १७१३ च्या जानेवारीत वारला आणि हे ओपस ६ पुढच्या वर्षी आम्स्टरडॅममध्ये एस्तिएन रोजेने छापलं. त्या काळी असं संगीत बाजारात येई ते सुट्या पार्टांच्या रूपात, प्रत्येक वाद्याची वही वेगळी. म्हणजे ‘ग्रावे’ हा संथ लयीचा शब्द प्रत्येक वहीत निराळा कोरावा लागणार, आणि एका वहीत राहिला तर ते कळणार थेट वाजवताना. मुंबईच्या सिनेमासंगीतातही हेच होतं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याहून आलेले अरेंजर स्कोअर लिहीत आणि त्यावरून एकेका वाद्याचा पार्ट हाताने उतरवला जाई. हे उतरवणाऱ्या कॉपिस्ट मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वर उतरवताना नजर त्या एका ओळीवर असते, आणि टेम्पोचा शब्द मात्र स्कोअरच्या पार वरच्या टोकाला, आडव्या पानावर हातभर लांब. दर वेळी नजर वर नेऊन खाली आणायची. डोळा चुकणारच, तो नेमका तिथेच चुकतो.

आपल्या मैफलीत हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटलेला आहे. काळ धरून ठेवायला तिथे एक माणूसच बसलेला असतो. तबल्याचा ठेका सुरू झाला की गायकाने मात्रा कागदावर बघायची गरज नाही, सम कानावर येते. भातखंड्यांच्या पद्धतीत बंदीश छापतानाही डोक्यावर राग आणि ताल एकदा सांगून टाकतात, आणि स्वरांच्या खाली समेची खूण, टाळ्यांचे आकडे आणि खालीचं शून्य यांची एक स्वतंत्र ओळ चालते. ती ओळ कुणा एकाची नाही, सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं. मला लिलीपाँडमध्ये अशीच एक ओळ हवी होती: स्वर नसलेली, फक्त काळाची.

अशी ओळ करता येते, आणि करायला सोपी आहे. लिलीपाँडमध्ये ‘एस’ नावाचा एक स्वर आहे, खरं तर न-स्वर. तो वेळ घेतो पण कागदावर काहीच उमटवत नाही. ‘आर’ लिहिला तर विश्रांतीची खूण छापली जाईल, ‘एस’ लिहिला तर कोरी जागा पुढे सरकते. मी आमच्या पहिल्या भागाची ओळ अशी लिहिली: ताल तीन-चार, टेम्पोचा शब्द ‘व्हिवाचे’, मग ‘एस दोन टिंब’ म्हणजे तीन पाव मात्रांची कोरी जागा, तिला गुणिले त्या तुकड्याचे जितके बार तेवढा आकडा. मग दुहेरी रेघ, नवा ताल, ‘ग्रावे’, पुन्हा ‘एस’ गुणिले पुढचे बार. जिथे अक्षर हवं तिथे गुणाकार तोडायचा आणि मध्ये अक्षर टाकायचं. शेवटी जाड रेघ. पूर्ण भाग दहा-बारा ओळींत बसतो आणि वाचताना रचनेचा सांगाडा डोळ्यांसमोर उभा राहतो. या तुकड्याला मी ‘काळ’ असं नाव दिलं. लिलीपाँडला देवनागरी नावं चालतात, याचा मला फार आनंद झाला. मग व्हायोलाच्या पट्टीत दोन गोष्टी एकाच वेळी चालवायच्या: ‘काळ’ आणि व्हायोलाचे स्वर. चेलोच्या पट्टीतही ‘काळ’ आणि चेलोचे स्वर. स्वरांच्या फाइलीत आता ताल नाही, टेम्पो नाही, अक्षर नाही, नुसते स्वर आणि बार तपासणाऱ्या उभ्या रेघा.

याचा लगेच मिळणारा फायदा असा की टाइप करताना एखादा बार गळला किंवा दोनदा पडला तर ते लपत नाही. बार गळला असेल तर शेवटच्या जाड रेघेच्या आधी एक रिकामा बार उरतो. जास्त झाला असेल तर स्वर जाड रेघ ओलांडून पुढे जातात. आठ पानं न चाळता पार्टचा फक्त शेवट बघायचा. आता कुठलाही नवा पार्ट छापला की माझी नजर आधी तिकडे जाते.

पण खरं काम पुढेच आहे, कारण सगळ्यांचं काय आणि एकेकाचं काय हे रचना स्वतःहून सांगत नाही. बसून ठरवावं लागतं. सुरुवातीला स्वरपट्टीची खूण, म्हणजे बी आणि ई कोमल वगैरे पानाच्या डावीकडे छापतात ती, मी ‘काळा’तच ठेवणार होते. बहुतेक नमुन्यांत ती तालाच्या शेजारीच बसवलेली असते. पण आमच्याकडे व्हायोला वाजवणारे कमी, म्हणून एका वर्षी ती ओळ क्लॅरिनेटला द्यायची ठरली. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर स्वर एक पूर्ण सूर वर लिहावे लागतात आणि त्याची खूणही वेगळी येते. त्या दिवशी मी खुणा ‘काळा’तून बाहेर काढल्या आणि त्यांचा वेगळा तुकडा केला. ताल सगळ्यांना सारखा असतो, स्वरपट्टी वाद्यागणिक बदलू शकते. दोन्ही गोष्टी ओळीच्या सुरुवातीला शेजारी शेजारी छापल्या जातात एवढ्याने त्यांचं घर एक होत नाही.

‘सोलो’ आणि ‘तुत्ती’ हे शब्दही असेच. कोरेल्लीत छोटा गट आणि मोठा गट यांची आळीपाळी चालते आणि ती काळाला बांधलेली असते, म्हणून मोह होतो. पण ‘तुत्ती’, म्हणजे ‘सगळे’, हा शब्द ज्याला वाजवायला सुरुवात करायची आहे त्याच्यासाठी असतो, तो आपापल्या ओळीत बरा. उलट शेवटची जाड रेघ मला सामाईक तुकड्यातून वेगळी काढावी लागली. या कन्चेर्टोचा अखेरचा पास्तोराले कोरेल्लीने ऐच्छिक ठेवला आहे, वाजवा किंवा सोडा. आधीचा अल्लेग्रो त्यात उतरतो. पास्तोराले सोडणाऱ्या वृंदासाठी अल्लेग्रोला स्वतःचा शेवट हवा. म्हणून आता अल्लेग्रोचा ‘काळ’ शेवटच्या रेघेशिवाय आहे, आणि दोन वेगवेगळे शेवट बाजूला तयार ठेवले आहेत. बाराच्या आठाचा तो संथ झोका सोडून देणारे वृंद असतात हे मला पटत नाही, पण सोय ठेवली आहे.

आकड्यांचा प्रश्नही ‘काळ’ लिहितानाच पुढे येतो. मेल्झेलने ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये, कोरेल्ली जाऊन तेव्हा शंभर वर्षं उलटली होती. ‘ग्रावे’ हा शब्द त्याचा आहे, मिनिटाला किती ठोके हा आकडा आमच्या सरांचा. ‘व्हिवाचे’ तर त्या काळी आजच्याइतकं घाईचं नसावं असं अनेक जाणकार मानतात, त्यामुळे तिथला आकडा दर तालमीला थोडा हलतो. लिलीपाँड शब्द आणि आकडा दोन्ही दिले तर आकडा आपोआप कंसात छापतं, आणि संपादकाने घातलेली गोष्ट कंसात ठेवायची हा रिवाज जुनाच आहे, तेव्हा हे छान जुळून आलं. सर तालमीहून परतताना फोनवर सांगतात, ग्रावे आणखी थोडं खाली घ्या. मी एका फाइलीतला एक आकडा बदलते, एक आज्ञा देते, स्कोअर आणि सगळे पार्ट नव्याने निघतात. मजकुराची फाइल असल्याने जुनी आणि नवी शेजारी ठेवून काय बदललं तेही दिसतं: एक ओळ, एक आकडा. सरांनी गेल्या नाताळला काय ठरवलं होतं हे मला आज नेमकं सांगता येतं.

गायनवृंदाच्या बाबतीत ही फाइल आणखी उपयोगी पडली. आमच्याकडे बरेच जण नोटेशन वाचत नाहीत, कान पक्का आहे. त्यांना घरी सरावासाठी प्रत्येक आवाजाची वेगळी ध्वनिफीत लागते. लिलीपाँड त्याच फाइलीतून मिडी, म्हणजे संगणकाने वाजवायची फाइल, काढतं. पूर्वी सोप्रानोच्या फितीत मध्ये लय उतरायची आणि आल्टोच्या फितीत नाही, कारण तेच: ‘टेम्पो’ सोप्रानोच्या ओळीत. आता चारही आवाजांना एकच ‘काळ’. पण एका गोष्टीवर सरांचं आणि माझं बराच काळ बोलणं चाललं. लय हळूहळू उतरते ती जागा मिडीला कळावी म्हणून ठोक्यागणिक थोडा थोडा कमी होणारा टेम्पो देता येतो, आणि हे आकडे कागदावर दिसू नयेत म्हणून लपवताही येतात. मी तसं केलं, ऐकायला सुरेख झालं. सर म्हणाले, काढून टाका. मंडळी यंत्राचं उतरणं पाठ करून येतील आणि मग माझ्या हाताकडे कुणी बघणार नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आता ‘काळा’त ‘रितार्दान्दो’ हा शब्द आहे, आकडे नाहीत, आणि सरावाच्या फिती त्या जागेपर्यंतच्या टेम्पोतच चालत राहतात.

ज्या एडिटरमध्ये मी हे सगळं टाइप करते त्याचं नाव फ्रेस्कोबाल्दी. रोममध्ये १६१५-१६ च्या सुमारास छापलेल्या आपल्या तोकाता संग्रहाच्या प्रस्तावनेत संगीतकार जिरोलामो फ्रेस्कोबाल्दीने असं बजावलं होतं की हे संगीत ठोक्याला बांधून वाजवू नका, भाव बघून कुठे संथ, कुठे जलद घ्या. त्याच्या नावाचा हा एडिटर नवी रचना सुरू करताना ‘ग्लोबल’ नावाचा एक तुकडा आपणहून मांडून देतो आणि प्रत्येक वाद्याला तो जोडतो. त्यात सहसा सुरुवातीची स्वरपट्टी आणि ताल एवढंच असतं. बरेच जण तिथेच थांबतात आणि पुढचे बदल पुन्हा ओळी-ओळींत घालू लागतात. माझं सांगणं असतं की त्या तुकड्याला शेवटच्या बारापर्यंत वाढवा.

या पद्धतीत एक जागा अवघड आहे, ती ग्रेस नोटची. मुख्य स्वराला चिकटून आधी येणारा तो चिमुकला स्वर, आपल्या कणासारखा. लिलीपाँड त्याला ठोक्याच्या जरासं आधी, मोजणीच्या बाहेरची जागा देतं. एका रचनेत नव्या भागाच्या पहिल्याच स्वराला पहिल्या व्हायोलिनला ग्रेस नोट होती आणि तिथेच ताल बदलत होता. छापून आलं ते असं: बाराची रेघ, मग ग्रेस नोट, मग नवी तालखूण, आणि तिच्यापलीकडे मुख्य स्वर. कण आणि स्वर यांच्या मध्ये तालाची खूण येऊन बसली, कारण ‘काळा’च्या दृष्टीने ताल ठोक्यावर बदलत होता आणि ग्रेस नोट त्याआधीच येऊन गेली होती. उपाय असा की ‘काळा’तही ताल बदलल्यावर तेवढ्याच लांबीची कोरी ग्रेस नोट टाकायची. मग ताल त्या चिमुकल्या जागेच्या आधी बदलतो आणि सगळं ठाकठीक होतं. पण म्हणजे जी ओळ कुणाचीच नसावी तिच्यात आता पहिल्या व्हायोलिनची एक सावली राहिली. मला ते फार दिवस खुपलं. शेवटी तिथे टक्क्याची खूण देऊन, म्हणजे सॉफ्टवेअर वाचत नाही अशी टीप लिहून ठेवली: ही जागा पहिल्या व्हायोलिनसाठी, ती ओळ बदलली तर हिला विसरू नका.

आणि काही संगीत असं आहे की तिथे एक सामाईक ओळ पुरतच नाही. मोझार्टच्या १७८७ च्या ‘दॉन जोव्हान्नी’त पहिल्या अंकाच्या अखेरीला रंगमंचावर तीन वाद्यमेळ एकाच वेळी तीन नाच वाजवतात: एक मिनुएट तीनात, दुसरा दोनात, तिसरा तीन-आठात. बारांच्या रेघा एकमेकींवर पडत नाहीत, तरी ठोका एकच आहे. लिलीपाँडमध्ये अशा वेळी बार मोजण्याचं घड्याळ स्कोअरच्या पायरीवरून काढून प्रत्येक पट्टीच्या हाती देता येतं. मी हे फक्त समजून घेण्यासाठी काही बारांपुरतं करून पाहिलं. तीन वेगवेगळे ‘काळ’ लिहिले, टेम्पो मात्र एकाच ठिकाणी ठेवला. ते पान छापून आलं तेव्हा मोझार्टने ही जुळवणी हाताने, कुठल्याही तपासणीच्या रेघांशिवाय केली होती या विचाराने मी थक्क झाले.

आमच्या वृंदात तबला आला तेव्हा ‘काळा’च्या ओळीचा आणखी एक उपयोग झाला. एका मराठी भजनाची तंतुवाद्यांसाठी आणि तबल्यासाठी मांडणी केली होती, रूपकमध्ये. सात मात्रा, तीन-दोन-दोन. लिलीपाँडला ताल सात-चार असा सांगताना हे विभागही सांगता येतात, म्हणजे स्वरांचे गट त्या हिशेबाने बांधले जातात. व्हायोलिनवाल्यांना बारचे आकडे हवे होते. तबलजी पाच रेघांचं नोटेशन वाचत नाहीत, त्यांची मोजणी आवर्तनांची. एक बार म्हणजे एक आवर्तन ठेवलं, त्यामुळे दोन्ही मोजण्या एकमेकींना भेटल्या. मग मी त्यांच्यासाठी कुठल्याही स्वरांशिवाय नुसता ‘काळ’ छापला: एक रेघ, तिच्यावर बार, आवर्तनाचे आकडे, लयीचे शब्द आणि अक्षरं. रूपकची सम खालीवर येते, तिथे कोणती खूण घालायची हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी शून्य घालायला सांगितलं, तेच घातलं.

कागद हातात घेऊन तबलजींनी एकच सूचना केली, अक्षरं मराठीत करा. व्हायोलिनवाल्यांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. कोरेल्लीच्या कागदांवर ‘ए’, ‘बी’, ‘सी’च राहिली, भजनाच्या ‘काळा’त मी क, ख, ग केलं आणि सगळे पार्ट पुन्हा काढले. लिलीपाँड स्वतः अक्षरं मोजताना इंग्रजी ‘आय’ गाळून पुढे जातं, कारण तो एकच्या आकड्यासारखा दिसतो. मी ङ आणि ञ गाळले, कारण भरलेल्या हॉलमध्ये सरांना ती ओरडून सांगता येणार नाहीत. पहिल्या तालमीनंतर ‘ख’ही काढला. मागच्या बाकांवर तो ‘क’सारखा ऐकू येत होता, त्यामुळे आता ‘क’नंतर थेट ‘ग’ येतो.